असाध्य आजारावरचा विनोदी सिनेमा: कमी पैशांत, नेमकेपणानं कसा करायचा

हे टिपण पहिला किंवा दुसरा सिनेमा स्वतःच्या हिमतीवर उभा करणाऱ्यांसाठी आहे. डोळ्यांसमोर धरलेला आकार असा: ९५ ते १०० मिनिटांचा मराठी सिनेमा, एक राहतं घर, दोन दिवसांपुरतं हॉस्पिटल, १८ दिवसांचं शूटिंग आणि सेटवर २० माणसं. विषय बरा न होणारा आजार, आणि सिनेमा विनोदी.

अशा सिनेमात आजाराची टिंगल करून हशा मिळत नाही. मिळाला तरी अर्ध्या तासात प्रेक्षक अवघडतो. आजार कळल्यावर घरातली शहाणी, प्रेमळ माणसं जे काही वागायला लागतात, त्यात खरा विनोद असतो. तो दिसायचा असेल तर आजाराचा तपशील डॉक्टरनं मान डोलवावी इतका पक्का लागतो. तपशील कच्चा राहिला की नट विनोद ‘करायला’ लागतात आणि पुढचं सगळं बिघडतं.

आधी आजार ठरवा, मग माणूस

संहितेत नुसतं ‘कॅन्सर’ लिहून पुढे जाऊ नका. कुठल्या अवयवाचा, कुठपर्यंत पसरलेला, कुठली औषधं, ती किती दिवसांनी, आणि शेवटचे आठवडे कसे जातात, हे एका पानावर लिहून काढा. ते पान झाल्याशिवाय पहिला प्रसंग लिहायला घेऊ नका. सिनेमातला नेहमीचा कॅन्सर म्हणजे टक्कल, रुमालावर रक्त आणि खिडकीबाहेर लागलेली नजर. त्यात कुणाला काही करायला नसतं, आणि पात्राच्या हाताला काम नसलं की विनोद सुचत नाही.

प्रत्येक आजार लेखकाला वेगळ्या ठिकाणी अडवतो. मेंदूतल्या काही गाठींमध्ये स्वभाव आणि भाषा लवकर बदलते, त्यामुळे तल्लख नायक मध्यंतरापर्यंतच हाती राहतो. एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजारात, बुद्धी बहुतेकदा शाबूत राहते पण बोलणं जातं, म्हणजे संवादांवर उभी असलेली संहिता अर्ध्यात कोसळते. फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुप्फुसं कडक होत जातात तेव्हा, माणूस तीन-चार शब्दांत थांबतो. ही लय विनोदाला फार चांगली, पण ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर प्रत्येक टेकमध्ये येते.

पहिल्या सिनेमासाठी आमचा कल यकृतात पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाकडे आहे. माणूस बराच काळ चालता-बोलता राहतो, डोकं स्वच्छ असतं, आणि उपचार बरेचसे डे-केअरमध्ये होतात, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. त्यामुळे कथा घरात घडते आणि खर्च आटोक्यात राहतो. शिवाय यात वापरली जाणारी एक नेहमीची जोडी, ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, लेखकाला भरपूर देते. सलाईन पहिल्या दिवशी साधारण दोन तास चालतं, गोळ्या १४ दिवस दिवसातून दोनदा जेवणानंतर, मग ७ दिवस सुट्टी, आणि २१ दिवसांनी पुन्हा तेच. केस विरळ होतात, पण पूर्ण टक्कल सहसा पडत नाही. तेव्हा टकलाचा मेकअप विसरा. तेवढा खर्चही वाचला.

या दोन औषधांचे दोन त्रास कथेत सोन्यासारखे आहेत. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार वस्तू सोसत नाही. फ्रिजमधली बाटली धरली की बोटांना सुया टोचल्यासारखं होतं, गार घोट घेतला की घसा आवळल्यासारखा वाटतो. म्हणजे ऐन मे महिन्यात लोकरीचे हातमोजे घालून फ्रिज उघडणारा आणि आमरस गरम करून मागणारा माणूस तुम्हाला फुकट मिळाला. आमरसासाठी हंगामाची वाट बघू नका. डब्यातला रस कॅमेऱ्याला चालतो, आणि वाटी तीस टेक सारखी दिसते. दुसरा त्रास कॅपेसिटाबिनचा: तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात, आणि काही पेशंटच्या बोटांचे ठसे पुसट होतात. त्याचा प्रसंग पुढे सविस्तर दिला आहे.

औषधांचं वेळापत्रक हाती आलं की कथेचं वर्ष आपोआप पडतं. निदान एप्रिलमध्ये, पहिलं सलाईन मे महिन्यात, ठसे पुसट होतात नोव्हेंबरात, ‘आता केमो नको’ हा निर्णय संक्रांतीच्या आसपास, शेवट होळीला. केमो थांबल्यावर भूक मंदावते, पोटात पाणी होतं, डोळे पिवळे होतात, झोप वाढते. हे त्याच क्रमानं लिहा. चौथ्या टप्प्यातला पेशंट शेवटच्या रीळात धावत स्टेशनवर पोचला की आधीचे नव्वद मिनिटांचे कष्ट पाण्यात गेले.

विनोद कुठून येतो

आपल्याकडचं सगळ्यात खरं इंधन लपवाछपवी आहे. डॉक्टरांच्या केबिनच्या दारात मुलगा हळूच म्हणतो, ‘बाबांना सांगू नका.’ पेशंट आत जाऊन म्हणतो, ‘माझ्या मुलाला एवढ्यात सांगू नका.’ पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेत, काम करणाऱ्या डॉक्टर-सिस्टरना हे रोजचं आहे. दोघांनाही सगळं ठाऊक असतं आणि दोघं एकमेकांना सांभाळत असतात.

याची बांधणी करताना एक नियम पाळा: पेशंटला माहीत आहे हे प्रेक्षकाला पहिल्या वीस मिनिटांत कळलं पाहिजे. ते शेवटपर्यंत झाकून ठेवलं तर धक्का एकदाच मिळतो. आधीच सांगितलं, तर घरातल्यांच्या प्रत्येक थापेवर पेशंटचा चेहरा बघण्यात मजा येते. कुणाला काय माहीत आहे याचा तक्ता भिंतीवर लावा. उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या ओळीत प्रसंग. ‘माहीत’, ‘संशय’ आणि ‘माहीत पण दाखवत नाही’ असे तीन रंग वापरा. सलग चार प्रसंगांत एकही रंग बदलला नाही, तर तिथे सिनेमा रेंगाळणार हे धरून चाला.

पेशंटच्या शरीरावरचा पहिला विनोद पेशंटनंच केला पाहिजे. स्टोमाची पिशवी (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला लावलेली) असेल तर ती आवाज करते, आणि आवाज कधी करावा हे तिला कळत नाही. हे पेशंट आणि त्याची बायको एकमेकांत बोलून हसतात. तोच विनोद जावई करतो तेव्हा तो जावयाच्या अवघडलेपणावर फिरला पाहिजे.

भेटायला येणारे लोक हा हुकमी प्रकार आहे, म्हणून मोजून वापरा. शहाळं, गव्हांकुराचा रस, ‘आमच्या ओळखीत एकजण होते’ हे सगळं प्रेक्षकाला तोंडपाठ आहे. एकच भेट ठेवा, मात्र पूर्ण ठेवा: चप्पल काढण्यापासून ‘काही लागलं तर हक्कानं सांगा’पर्यंत, सलग चार मिनिटं. त्यात पाहुणा आजाराचं नाव एकदाही घेत नाही, एवढी एकच अट. पिंडाला कावळा न शिवणं मात्र सोडून द्या. ते इतक्यांदा झालंय की पत्रावळ दिसताच प्रेक्षक कावळा शोधायला लागतो.

त्यापेक्षा कागदपत्रांत शोधा. डिस्चार्जच्या दिवशी ‘कॅशलेसचं अप्रूव्हल आलं नाही’ म्हणून कपडे बदलून पलंगावर बसलेलं कुटुंब, बँकेत नॉमिनीच्या नावाची एक वेलांटी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. शिवाय लिव्हिंग विल आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन होतं, आधीची न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. न्यायालयाबाहेर छत्रीखाली बसलेला नोटरी, कागदाचा मथळा वाचून चपापलेला साक्षीदार शेजारी आणि घाईत असलेला पेशंट, एवढ्यावर पाच पानं सहज निघतात. यात इच्छामरणाचं इंजेक्शन असा गोंधळ मात्र होऊ देऊ नका. लिव्हिंग विल म्हणजे पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कृत्रिम आधार लावू नका किंवा काढून घ्या, एवढंच.

एक प्रसंग जवळून: हयातीचा दाखला

पेन्शनराला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीनं देता येतो, आणि पोस्टमन यंत्र घेऊन घरी येऊनही ठसा घेतो. आपले अण्णा साताऱ्यातले निवृत्त कृषी अधिकारी, वय ६८, सहा महिने कॅपेसिटाबिन चालू. माई त्यांची बायको. प्रसंग साधारण असा लिहायचा:

पोस्टमन: अण्णा, जरा जोर लावून.
अण्णा: लावलाय रे बाबा.
माई: उजवा नको, डावा द्या. डाव्या हातानं काही कामच केलं नाही जन्मात.
पोस्टमन: नाही घेत. जुळत नाही म्हणतंय.
अण्णा: बरोबर म्हणतंय. मागच्या नोव्हेंबरात होतो तो मी कुठे आहे?
मुलगा: थंडी पडलीय ना बाबा, कातडी कोरडी पडते. माझंही होतं.
पोस्टमन: नाही हो, थंडीचं नाही. आमच्या आईचं असंच झालेलं. केमोच्या गोळ्या होत्या ना तिला.

(कुणी काही बोलत नाही. माई आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणतात.)

अण्णा: मग? दाखला मिळाला का आईला?
पोस्टमन: मिळाला की. चेहऱ्यावर होतो आता. फोनकडे बघून डोळ्यांची उघडझाप करायची.

सहा महिने घरानं जपलेला शब्द अनोळखी माणसानं सहज उच्चारला, आणि अण्णांना फक्त दाखल्याची चिंता आहे. कुणीही विनोद केलेला नाही. तेल हे शूटिंगच्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण माईंना शब्दानं उत्तर देता येत नाही म्हणून त्या हातानं देतात. चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे, आणि डोळ्यांची उघडझाप खरंच करावी लागते. ‘जिवंत असाल तर डोळे मिचकवा’ असं आपण मुद्दाम लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

हा प्रसंग बिघडतो तो दोन ठिकाणी. पोस्टमनला विनोदी नट घेतला तर तो ‘केमो’ शब्दावर थबकतो. त्यानं थबकायचं नाही, कारण त्याला काही लपवायचंच नाही. आणि मुलाचा क्लोज-अप लगेच घेतला तर प्रेक्षकाला हसावं की नाही कळत नाही. सगळे एकाच फ्रेममध्ये राहू द्या.

माहिती कुणाकडून घ्यायची

मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, आणि पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह विभाग आहे. अशा ठिकाणी आधी पत्र द्या, संहितेचा दोन पानी सारांश जोडा, कॅमेरा नेऊ नका. डॉक्टरांइतकाच, किंबहुना जास्त वेळ सिस्टर, समुपदेशक आणि मावशींबरोबर घालवा. रात्री तीन वाजता पेशंट काय बोलतो हे त्यांना ठाऊक असतं. एका अनुभवी सिस्टरना सल्लागार म्हणून ठरवा, मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव द्या. संहिता वाचायला दोन दिवस आणि शूटिंगला चार दिवस एवढा त्यांचा वेळ लागतो. उपचार चालू असलेल्या पेशंटला संशोधनाचं साधन करू नका. ज्यांच्या घरातलं माणूस जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली आहेत असे नातेवाईक आपणहून आणि खुलेपणानं बोलतात. त्यांच्या आठवणी जशाच्या तशा वापरायच्या असतील तर लेखी परवानगी घ्या.

त्यांच्याकडून हमखास दुरुस्त होणाऱ्या गोष्टी आधीच सांगतो. कुठलाही शहाणा डॉक्टर ‘तुमच्याकडे सहा महिने आहेत’ असं म्हणत नाही. तो ‘वर्षांत नाही, महिन्यांत बोलू’ अशा पट्ट्यात बोलतो. तोंडानं घ्यायचं साधं मॉर्फिन दर चार तासांनी देतात, त्यानं बद्धकोष्ठ होतं आणि म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध असतंच. घरात सगळ्यात जास्त चर्चा याच विषयाची होते, ती संहितेत आणा. मॉर्फिन म्हणजे शेवट ही भीती पात्रांना असू द्या, सिनेमानं तिला दुजोरा देऊ नये. सपाट रेषेवर शॉक देत नाहीत. आणि घरी किंवा हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटच्या शुश्रूषागृहात) शेवटचे दिवस काढणाऱ्या पेशंटला सहसा मॉनिटर लावलेलाच नसतो, त्यामुळे तो ‘टीऽऽ’ आवाज संहितेतून काढून टाका.

सेटवरचं हॉस्पिटल

चालू हॉस्पिटलमध्ये दोन दिवस मिळवण्यापेक्षा बंद पडलेलं नर्सिंग होम, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी कॉलेजचा सराव-वॉर्ड, नाहीतर रविवारी बंद असणारी ओपीडी शोधा. चालू वॉर्डात दर चार मिनिटांनी स्ट्रेचर येतो, आणि तो अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. लिफ्टसमोर केबल टाकू नका.

घरासाठी फाउलर पलंग (पाठ वर उचलता येणारा), सलाईनचा स्टँड आणि हवेची गादी महिन्याच्या भाड्यानं मिळतात. पलंगाची हँडल आधी तेल घालून घ्या, कुरकुरतात. हवेच्या गादीचा पंप सतत गुणगुणतो, टेक चालू असताना बंद ठेवा. रेक्झिनच्या गादीवर जाड सुती चादर दोन घड्या करून टाका, नाहीतर नट हलला की गादी करकरते.

सलाईन नटाला टोचायचं नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, तरी सांगतो. सुई काढून टाकलेला कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) मनगटाच्या मागे मायक्रोपोर आणि पारदर्शक ड्रेसिंगनं चिकटवा. नळीचं टोक बाहीतून नेऊन पांघरुणाखालच्या बाटलीत सोडा, म्हणजे ठिबक खरी दिसते. ५०० मिलीची बाटली दोन तासांत संपवायची तर २० थेंबांना एक मिली या सेटवर मिनिटाला सुमारे ८३ थेंब पडतात. एवढ्या वेगानं बाटलीची पातळी शॉटगणिक बदलते. त्यामुळे थेंब हळू ठेवा आणि पातळीवर टेपची खूण करा.

तीन-चार चुका डॉक्टर-सिस्टर प्रेक्षक लगेच पकडतात. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांदा पांढरा हवा. सुया पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात, वापरलेल्या प्लॅस्टिक नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. फाईल जाड हवी: निदानापासून दहा महिन्यांचे रिपोर्ट, स्कॅनची मोठी पाकिटं, आणि ती सगळी साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत. औषधांच्या पाकिटांवर स्वतः छापलेली खोटी नावं लावा. खरं मॉर्फिन कुणाच्या घरी उरलेलं असलं तरी सेटवर आणायचं नाही, तो अमली पदार्थांच्या कायद्याचा मामला आहे. चघळायच्या किंवा गिळायच्या दृश्यांत साध्या ग्लुकोजच्या गोळ्या द्या.

चेहरा, वजन, कपडे

नटाला उपाशी ठेवू नका. १८ दिवसांत उतरणारं वजन पडद्यावर दिसत नाही आणि तालमीत कष्ट घ्यायची ताकद मात्र जाते. त्याऐवजी एकाच शर्टाचे दोन नमुने शिवून घ्या, एक ४० चा आणि एक ४४ चा. सुरुवातीला ४०, दिवाळीनंतर ४४. कॉलर आणि मान यांत बोटभर अंतर दिसलं की प्रेक्षक वजन उतरल्याचं स्वतःच समजून घेतो. घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल, अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला, पायजम्याची नाडी लांब लोंबणारी. केमोच्या सुरुवातीला स्टेरॉइड दिलं की काहीजण उलट गुबगुबीत दिसतात, भूक वाढते आणि रात्री झोप उडते. पाहुणे ‘तब्येत सुधारली हो तुमची’ म्हणतात ते याच आठवड्यांत, तेव्हा तो संवाद तिथेच ठेवा.

मेकअपचे पाच टप्पे ठरवा आणि शूटिंगच्या दोन आठवडे आधी कॅमेऱ्यावर लूक टेस्ट करा. डोळ्यांभोवती काळं फासणं बंद. त्वचेचा ओलावा काढा, ओठ कोरडे करा, एवढ्यानं पुष्कळ होतं. डोळ्यांतला पिवळेपणा लेन्सनं आणू नका. पांढरा भाग खूण लावून ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटिंगनंतर रंग ठीक करताना, पिवळा करता येतो, फक्त त्या शॉटमध्ये नटाचा चेहरा तीन सेकंदांपेक्षा जास्त स्थिर हवा. तळहातांची सोललेली कातडी मात्र मेकअपचीच लागते. दाखल्याच्या प्रसंगात ती जवळून दिसते, तिथे हात आखडता घेऊ नका.

वेळापत्रक शक्यतो कथेच्या क्रमानं लावा. एकाच घरात शूटिंग असल्यानं ते परवडतं, आणि नटांच्या थकव्याचाही उपयोग होतो.

कॅमेरा आणि आवाज

आडव्या माणसाकडे उभ्या उंचीवरून बघितलं की कीव दिसते. विनोदासाठी कॅमेरा पेशंटच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. पलंगाची पाठ ४५ ते ६० अंश उचला, पायांखाली लाकडी ठोकळे देऊन पलंग वीत-दीड वीत उंच करा, आणि भेटायला येणाऱ्यांना प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसवा. आता उभे, निरोगी लोक खाली आहेत आणि अण्णा वर. ही एक हालचाल अर्ध्या सिनेमाचा सूर ठरवते, आणि खर्च ठोकळ्यांचा.

लेन्स ३५ किंवा ४० मिमी, कॅमेरा अडीच-तीन मीटर लांब, तिघे-चौघे एका फ्रेममध्ये. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा जास्त हसवतो, त्यामुळे त्याला फ्रेमबाहेर ठेवू नका. २४ फ्रेमवर शूट करत असाल तर शटर १७२.८ अंशांवर ठेवा. आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइट त्यानं लुकलुकत नाहीत.

आवाजासाठी आधी पंखा बंद, मग बोलणी. फ्रिजही बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पॅकअपला तो चालू करायचं विसरणार नाही. हॉस्पिटलच्या पातळ गाऊनखाली छातीवरचा माइक खसखसतो, म्हणून बूमवर, म्हणजे दांडीवरच्या माइकवर, भर द्या. ऑक्सिजनचं यंत्र टेकमध्ये बंद ठेवून त्याचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. प्रत्येक खोलीची एक मिनिट शांतता टेप करून ठेवा. या सिनेमात शांततेचे तुकडे फार लागतात आणि ऐनवेळी नसले तर संकलक संवादाच्या मधला श्वास ताणत बसतो.

युनिटमधल्या कुणाकुणाच्या घरात हे नुकतंच घडून गेलेलं असतं. शेवटच्या प्रसंगांचे दिवस कॉल शीटवर स्पष्ट लिहा, म्हणजे ज्याला त्या दिवशी सेटवर यायचं नाही त्याला बदली देता येईल. ते दोन दिवस शिफ्टही दहा तासांचीच ठेवा.

शेवटचा प्रसंग

घरी मृत्यू झाला तर आधी ओळखीच्या डॉक्टरला बोलवावं लागतं, त्यांनी मृत्यूच्या कारणाचा नमुना ४अ भरून दिल्यावर अंत्यसंस्काराचा पास मिळतो. नोंदणी २१ दिवसांत. अण्णांनी नेत्रदानाचा फॉर्म भरलेला असेल तर वेळ सहा तासांची. आतड्याच्या कर्करोगात नेत्रदान चालतं, रक्ताच्या कर्करोगात नाही. पापण्या मिटायच्या, त्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद. मार्चमधल्या दुपारी वीस माणसांनी भरलेल्या खोलीत माई एकट्या पंखा बंद करतात, प्रत्येक नवा येणारा तो चालू करतो, आणि त्या उठून पुन्हा बंद करतात. हा प्रसंग संवादाशिवाय लिहा. बटण दाराशेजारी असलेली खोली रेकीतच, म्हणजे जागा बघायला जाल तेव्हाच, निवडा.

संकलन, संगीत, कागद

पहिला कट झाला की २०-२५ अनोळखी माणसांना दाखवा. त्यांत चार-पाच काळजीवाहू नातेवाईक असावेत, त्यांना विषय आधी सांगा. खोलीत रेकॉर्डर ठेवून हशाचा ध्वनी घ्या आणि तो टाइमलाइनवर सिनेमाखाली लावा. जिथे हशा पुढच्या वाक्यावर सांडतो तिथे एक-दीड सेकंद ऐकणाऱ्याचा चेहरा वाढवा. जिथे सगळे गप्प आहेत तिथला विनोद समजावून सांगू नका, काढून टाका. एक गोष्ट कायम दिसते: निरोगी तरुण प्रेक्षक पहिली पंधरा मिनिटं हसायची परवानगी शोधत असतो आणि काळजीवाहू पहिल्या मिनिटापासून हसतात. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत पेशंटनं स्वतः हसवणारा एक क्षण हवाच.

बासरी आणि व्हायोलिन विनोदाखाली ठेवू नका. जुनं चित्रपटगीत घेणार असाल तर संगीत कंपनीची परवानगी संहितेच्या टप्प्यावरच मागा, नाहीतर त्याच लयीवर कापलेला प्रसंग हातातून जातो. संतांचे अभंग शब्दांपुरते मोकळे आहेत. त्यांची गाजलेली चाल आणि ध्वनिमुद्रण मोकळं नसतं, तेव्हा चाल नवी बांधा.

कथा-पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून मगच लोकांना पाठवा. सरकारी अनुदानासाठी त्या वर्षीचा शासन निर्णय मुळातून वाचा, अटी बदलत राहतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉरचं यूए प्रमाणपत्र ७+, १३+ आणि १६+ असं विभागलं गेलं आहे. संहितेत आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न असेल तर वरचा गट मिळेल हे धरूनच वितरकाशी बोला. एखादं पात्र तंबाखू मळत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याची सूचना आणि त्या दृश्यावर इशारा लागतो. एका चिमटीसाठी एवढं लागत असेल तर त्याच्या हातात बडीशेप द्या.

खेळ ठेवताना काळजीवाहू, सिस्टर आणि पेशंट यांच्यासाठी एक खेळ वेगळा करा, कामाच्या दिवशी दुपारी, कारण सकाळी ओपीडी आणि संध्याकाळी औषधांच्या वेळा असतात. एसी कमी गार ठेवायला सांगा, नुकतंच सलाईन घेतलेल्यांना गारवा सोसत नाही. वाटेकडच्या खुर्च्या स्टोमा असलेल्यांसाठी राखा, स्वच्छतागृहात पिशवी टाकायला झाकणाचा डबा ठेवा आणि मध्यंतर वीस मिनिटांचं करा.